लग्न वैशाखात, हनवटीचं काम दीड वर्षाचं

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

डॉक्टरताई, माझं वय २७. देवगड तालुक्यात एका पतसंस्थेत काउंटरवर असते. हनवटीवर आणि जबड्याच्या कडेने जाड काळे केस येतात. अपर लिप्सवर आहेत, बेंबीखाली एक रेघ आहे, शिवाय हात-पाय आहेतच. कॉलेजपासून दर आठवड्याला थ्रेडिंग करते. दोन वर्षांपूर्वी घाटावर जाऊन लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. हनवटीचे केस विरळ झाले, पण गालावर जिथे आधी काहीच नव्हतं तिथे लव वाढली. पाळी दीड-दीड महिन्याने येते, आई म्हणते लग्नानंतर होईल नीट. आता लग्न ठरलंय, वैशाखात आहे. मुलगा डोंबिवलीला असतो. मावशी रोज पाठीमागे लागते, "गो, लग्नाआधी ह्या केसांचा काय ता करून घे." इलेक्ट्रोलिसिसने केस कायमचे जातात असं वाचलं. मला फुल बॉडी करून घ्यायचं आहे. लग्नापर्यंत होईल ना? फार दुखतं का? डाग राहतात का? मला खोटं कानातलंसुद्धा चालत नाही, लगेच कान चिघळतात. पुढे मूल होण्यावर काही परिणाम? ऑनलाइन एक पेनसारखं मशीन मिळतं, ते घरी वापरलं तर? आणि होणाऱ्या नवऱ्याला सांगू का?

*

बाय, फुल बॉडी लग्नापर्यंत होणार नाही. खरं सांगायचं तर नुसती हनवटीही वैशाखापर्यंत पुरी होणार नाही. पण हनवटी, जबडा आणि अपर लिप्स एवढंच धरलंस आणि दिवाळीच्या आत सुरुवात केलीस, तर वैशाखात तुझा तुलाच फरक चांगला दिसेल, आणि उरलेलं काम डोंबिवलीला गेल्यावर पुरं होईल. माझा सल्ला एवढाच. आता तो असा का, ते सांगते.

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे एकेका केसाचं काम. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्याच छिद्रातून, केसाला लागून, केसाइतकीच बारीक सुई आत सरकवतात. इंजेक्शनसारखं कातडीत टोचणं त्यात नसतं. हात सराईत असेल तर सुई आत गेलेली कळतही नाही. मग क्षणभर वीज सोडतात, ती मुळाला मारते, आणि चिमट्याने धरलेला केस अलगद बाहेर येतो. हे 'अलगद' लक्षात ठेव. केस काढताना थ्रेडिंगसारखी ओढ लागली तर मूळ मेलेलं नाही, तुझे नुसते उपटण्याचे पैसे जातायत. एखाद-दुसऱ्या केसाला असं कोणाच्याही हातून होतं. पण केसामागून केस ओढच लागत असेल तर तिथल्या तिथे सांगायचं, आणि तरी फरक पडला नाही तर उठून यायचं.

विजेच्या पद्धती तीन. जुनी गॅल्व्हॅनिक. तिच्यात मुळाशी असलेल्या खारट पाण्यातून तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ साली ती पहिल्यांदा मांडली. त्याला कोणाची हनवटी गुळगुळीत करायची नव्हती. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासत, ते त्याला परत येऊ द्यायचे नव्हते. दुसरी थर्मोलिसिस, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने मुळाशी उष्णता तयार करायची. ही झटपट होते. तिसरी दोन्हींचं मिश्रण, तिला ब्लेंड म्हणतात. तुझ्यासमोर कोणती चाललीय ते ओळखायची सोपी खूण आहे. ओल्या स्पंजात गुंडाळलेली धातूची कांडी हातात धरायला दिली, तर गॅल्व्हॅनिक किंवा ब्लेंड. नुसत्या थर्मोलिसिसला कांडी लागत नाही. वर्षानुवर्षं थ्रेडिंग केलेल्या हनवटीत केसांची मुळं वाकडीतिकडी झालेली असतात, सरळ सुई तिथे तळापर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे तुझ्यासारखीला मी ब्लेंड सुचवते. वेळ जास्त जातो, पण परत उगवणारे कमी.

आता वेळेचा हिशेब. अमुक सिटिंगचं पॅकेज घेतलं की झालं, असं इथे नसतं. इथे विकत घ्यायची ती मिनिटं. सोयीसाठी मिनिटाला पाच केस धर. अर्ध्या तासात दीडशे. हनवटी नि जबड्याला हे परवडतं. दोन पायांवरचे केस हजारांत असतात, आणि ते सगळे एका वेळी वर आलेले नसतातच. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग झडतो, मग त्याचं मूळ काही काळ निजून राहतं. पायाचे बहुतेक केस कोणत्याही दिवशी या निजलेल्या अवस्थेत असतात. सुई लागू पडते ती वाढीला लागलेल्या केसाला. तुझ्या गावात हे समजावून सांगायला नको खरं तर. हापूसच्या झाडावर मोहोरच टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून एकाच झाडाखाली घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन तीन-तीनदा जावं लागतं. पहिल्या खेपेला झाड रिकामं करायचं म्हटलं तर हाती कैऱ्याच येणार. हनवटीचंही तसंच, एक खेप झाली की पुढचे तयार व्हायची वाट बघायची. म्हणून सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला, मग तीन आठवड्यांनी, मग महिन्याने, अशी एक ते दीड वर्षं जातात. हार्मोनचा गोंधळ असेल तर त्याहूनही जास्त.

म्हणून हात आणि पोटऱ्या यादीतून काढून टाक. यामागे पैशापलीकडेही एक कारण आहे. बाईच्या अंगावरचे केस हार्मोनमुळे वाढलेत का, हे मोजायची एक पद्धत फेरिमन आणि गॅल्वे या दोन डॉक्टरांनी १९६१ साली मांडली. अंगाच्या नऊ जागा बघतात: ओठावर, हनवटी, छाती, पोटाचा वरचा नि खालचा भाग, पाठीचा वरचा नि खालचा भाग, दंड, मांड्या. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. यात कोपराखालचे हात आणि गुडघ्याखालचे पाय नाहीत. मूळ यादीत होते, पण तिथले केस हार्मोनबद्दल फारसं काही सांगत नाहीत म्हणून ते गुण धरत नाहीत. तुझ्या हातापायांवर केस आहेत कारण तू माणूस आहेस. त्यांना वॅक्सिंग चालेल, रेझर चालेल, काहीच न करणंही चालेल. अगदी नकोच असतील तर पायांवर आणि काखेत लेझर करता येतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला एनडी-याग लेझर सगळ्यात कमी धोक्याचं, आणि ते स्किनच्या डॉक्टरकडेच. बेंबीखालची रेघ सुईने होईल, पण ती चेहरा आटोक्यात आल्यावर. तिथे कोण बघायला येतंय?

चेहऱ्यावर मात्र आता लेझर नको. गालावर लव वाढली हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. लेझरनंतर भोवतालचे बारीक केस उलट वाढणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तो चेहऱ्यावर आणि मानेवर जास्त दिसतो, आणि काळे केस, सावळी कातडी नि हार्मोनची कुरबुर असलेल्या बायकांत जास्त दिसतो. पॅकेज विकताना हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतलं एफडीए, म्हणजे औषधं नि उपचारांची यंत्रं तपासणारं सरकारी खातं, लेझरला 'केस कायमचे कमी होतात' एवढंच म्हणू देतं. कायमचे काढण्याचा मान ते इलेक्ट्रोलिसिसला देतं. शिवाय लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतं, पांढऱ्या केसावर त्याची मात्रा नाही. सुईला रंगाशी देणंघेणं नाही. गालाच्या लवेवर मात्र लगेच सुई घालू नकोस. थोडे महिने थांब, त्यातले जे केस खरंच जाड नि काळे होतील तेवढेच घे.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती तू जाता जाता लिहिली आहेस: पाळी दीड-दीड महिन्याने येते. आईला म्हणावं, लग्नाने पाळी नीट होत नाही. बहुधा हे पीसीओएस असेल, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबणं नि केस वाढणं, ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात, पण 'बहुधा'वर दीड वर्षाचा खर्च सुरू करू नये. सुईला हात लावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी रक्त द्यायचं: टेस्टोस्टेरॉन, सतरा-ओएच प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, सोबत साखर, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर सोनोग्राफी. देवगडहून ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जाणं जड नाही. सगळ्या तपासण्या तिथे एका फेरीत झाल्या नाहीत तर काही बाहेरच्या लॅबमधून करून घे. केस गेल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल किंवा डोक्यावरचे केस पुढून विरळ होत असतील, तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

तपासणीचा आग्रह अशासाठी की सुईने मेलेलं मूळ परत उगवत नाही, पण शेजारच्या निरुपद्रवी लवेला जाड केस व्हायचा हुकूम रक्तातून येत राहिला तर तू वर्षानुवर्षं सुईखालीच बसशील, आणि दोष जाईल सुईला. औषधाने हा हुकूम मंदावतो. केसांवर त्याचा परिणाम दिसायला सहाएक महिने लागतात, म्हणून औषध आणि सुई बरोबरच चालू राहिलेली बरी. एक गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांग: लग्न वैशाखात आहे. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देतात, ती चालू असताना गर्भ राहता कामा नये. पाळी नियमित करायला देतात त्या गोळ्या बऱ्याचदा गर्भनिरोधकच असतात. मूल लगेच हवंय की दोन वर्षांनी, यावर औषध ठरेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आलं: इलेक्ट्रोलिसिसचा गर्भाशयाशी किंवा बीजांडाशी काही संबंध नाही. मूल होण्यात अडचण आलीच तर ती पाळीच्या अनियमितपणामुळे येईल, आणि त्यावरही उपचार आहेत. दिवस गेले तर तेवढा काळ सुई थांबवायची, विशेषतः कांडीवाली.

आता जायचं कुठे. कोकणात लेझरची पाटी कुडाळ-कणकवलीपासून चिपळूणपर्यंत दिसते, सुईवाले मोजके. आधी जवळच्या स्किनच्या डॉक्टरांना फोन करून विचार, त्यांच्याकडे नसलं तरी कोण चांगलं करतं हे त्यांना माहीत असतं. नाहीतर तुला फोंडा घाट चढून कोल्हापूर किंवा बांद्यावरून म्हापसा-पणजी. माझा कल वेगळाच आहे: सासर डोंबिवली असेल तर पहिल्यापासून मुंबई-ठाण्यातलीच जागा शोध. आता खरेदी, साखरपुडा, सासरचं येणं-जाणं या निमित्ताने तुझ्या फेऱ्या होणारच आहेत. रात्री कणकवलीला गाडीत बसलीस की सकाळी दादर-ठाणे. महिन्यातून एकदा तिथे तासाभराचं सिटिंग, आणि मधल्या पंधरवड्याला जवळपास कोणी भरवशाचं मिळालं तर छोटं. कामासाठी आठवड्याची फेरी तुला शक्य नाही हे मी धरूनच चालले आहे; काम थोडं लांबेल, बिघडणार नाही. पुढच्या पावसाळ्यात तू डोंबिवलीला असशील, म्हणजे रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आणि घाटातली दरड दोन्ही टळली. दोन ठिकाणी जाणार असशील तर एक वही ठेव. प्रत्येक सिटिंगनंतर तारीख, किती मिनिटं, कोणती पद्धत, सुईचा नंबर, मशीनवर किती ठेवलं होतं आणि कातडी किती दिवसांत शांत झाली, हे करणारीकडूनच लिहून घे. पुढचीला तेवढ्यावरून काम उचलता येतं.

खर्च विचारताना 'हनवटीचे किती' असं विचारू नकोस. मिनिटाचा दर विचार, कमीत कमी किती मिनिटांचे पैसे लागतात ते विचार, सुई त्यात धरली आहे का ते विचार. 'सहा सिटिंगमध्ये गॅरंटी' असं कोणी म्हटलं तर तुला ती भाषा लेझरच्या वेळेपासून ओळखीची आहे. त्यात गाडीभाडं आणि पतसंस्थेतल्या रजा मिळव, तेव्हा खरा आकडा दिसेल.

जागा बघायला गेलीस की भिंतीवरच्या सर्टिफिकेटआधी ट्रेकडे बघ. सुई दर वेळी नवी, सीलबंद पाकिटातून, तुझ्यासमोर फोडलेली हवी. 'तुमचीच सुई ठेवलीय डबीत' हे चालणार नाही. चिमटा निर्जंतुक केलेला, हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यावर भिंगाचा चष्मा किंवा भिंगाचा दिवा. इन्व्हर्टर आहे का तेही विचार. सिटिंगमध्ये लाईट जाण्यात धोका काही नाही, पण एमएसईबीच्या कृपेने अर्धा तास पंख्याविना घाम पुसत बसायचं आणि तुझी गाडी चुकायची. तुझ्या कानांची गोष्ट तर पहिल्याच दिवशी सांग. खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात ते बहुतेक वेळा त्यातल्या निकेलमुळे, आणि स्टीलच्या सुईतही निकेल असतं. सोन्याचा मुलामा दिलेली सुई मिळते, तुला तीच हवी. त्यांना ती माहीतच नसेल तर दुसरी जागा बघ.

डागांचं म्हणशील तर आपल्या रंगाची कातडी दुखावली की काळी पडते. डासाच्या चाव्याचा डाग महिनाभर राहतो तसे सुईचेही राहू शकतात, बहुतेक हळूहळू जातात. खरी काळजी घ्यायची ती वाढणाऱ्या व्रणाची, केलॉइडची. डाव्या दंडावरची लहानपणच्या बीसीजीच्या लशीची खूण चाचपून बघ. सपाट किंवा खोलगट असेल तर ठीक. जाड, उंच, मूळ जागेच्या बाहेर पसरलेली असेल तर सुईआधी डॉक्टरांना दाखव. काहीही असो, पहिल्या दिवशी जबड्याच्या खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही तिथे, पंधरा-वीस केसच काढून घे. दोन-तीन आठवडे कातडी कशी वागते ते बघ, मग पुढे. हा नमुना दिवाळीआधी उरकला तर उत्तम. ओठावर ताप उतरताना फोड येण्याची सवय असेल तर तेही सांगायचं, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुई नको.

दुखतं का? दुखतं. हनवटीवर चटका बसल्यासारखं, सोसवेल इतकं. अपर लिप्सवर, नाकाच्या अगदी खाली, डोळ्यातून पाणी येतंच. रडू नसतं ते, आपोआप येतं. पाळीच्या आसपास जास्त लागतं, त्या आठवड्यात सिटिंग घेऊ नकोस. बधिर करायचं क्रीम मिळतं, तासभर आधी लावायचं, पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच आणि तेवढ्याच जागेवर. हे मी गमतीत लिहीत नाही. लेझरच्या आधी दोन्ही पायांना असं क्रीम थापून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुण मुली अमेरिकेत दगावल्या, आणि २००७ साली एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला. हनवटीपुरतं वाटाण्याएवढं क्रीम ही वेगळी गोष्ट.

मला वाटतं सुईपेक्षा तुला जड जाईल ते थ्रेडिंग बंद करणं. केस मुळातून उपटलेला असेल तर सुई जाणार कुठे? म्हणजे आजपासून धागा नाही, वॅक्स नाही, चिमटा तर नाहीच. मग काउंटरवर बसायचं कसं? बारीक कात्रीने कापायचे किंवा सरळ रेझर फिरवायचा. दचकू नकोस. रेझरने केस जाड होत नाहीत, वाढतही नाहीत. ब्लेड कातडीच्या वरच कापतं, मुळाला त्याचा पत्ता नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरतं, एवढंच. बाईने हनवटीला रेझर लावणं लाजिरवाणं आणि दर आठवड्याला पार्लरमध्ये मान वर करून बसणं साळसूद, हे कोणी ठरवलं कोण जाणे. सिटिंगच्या आधी दोन-तीन दिवस मात्र केस चिमट्यात येतील एवढे वाढू द्यावे लागतात. शनिवारी सिटिंग असेल तर गुरुवार-शुक्रवार तुला मास्क लावून काढावे लागतील. सर्दी झालीय म्हण. काउंटरच्या पलीकडचा माणूस त्याच्या एफडीच्या व्याजाकडे बघत असतो.

नंतरची काळजी कोकणात जरा जास्तच. सिटिंगनंतर काही तास लाली, थोडी सूज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोहरीपेक्षा बारीक खपल्या दिसतील. त्या नखाने काढायच्या नाहीत, डाग तिथेच राहतात. दोन दिवस घाम, मेकअप, वाफ, ऊन आणि समुद्र बंद. त्यानंतरही सनस्क्रीन रोज, एसपीएफ तीस किंवा वर, आणि स्कूटीवरून जाताना स्कार्फ. हळद-बेसन, खोबरेल, लिंबू यातलं काहीही खपल्या पडेपर्यंत लावू नकोस, मावशीने वाटून आणून दिलं तरी. पू दिसला, ठणकायला लागलं तर डॉक्टर. आपल्याकडे कार्तिकापासून माघापर्यंत हवा जरा कोरडी असते, सुईला तोच हंगाम चांगला. मोठी सिटिंग तेव्हा उरकून घे. चैत्र-वैशाखात घामाने चेहरा चिकचिकलेला असतो, तेव्हा लहान सिटिंग. आणि लग्नाच्या आधी तीन-चार आठवडे पूर्ण बंद, कारण हळद लागणार आहे, मेकअप बसणार आहे, आणि खपलीवर फाउंडेशन कोणाचंच बसत नाही. लग्नाच्या आठवड्यात खुशाल थ्रेडिंग करून घे. काढलेले केस काही आठवड्यांनी परत येतील, तेव्हा सुईला सापडतील. त्या एका वेळेने काही बुडत नाही.

नवऱ्याला सांगायचं का? पीसीओएस निघालं तर ते लग्नाआधी सांग. कबुली म्हणून नव्हे. औषध, पाळी, मूल कधी, हे तुम्हा दोघांचे निर्णय आहेत, आणि ते ऐकून त्याचा चेहरा कसा होतो हे तुला साखरपुड्याआधी कळलेलं बरं. हनवटीचं सांगणं-न सांगणं तुझ्या मर्जीवर. पण मी व्यवहाराने बघते. लग्नानंतर वर्षभर तरी तू महिन्याला एक-दोनदा सिटिंगला जाणार, परत आल्यावर हनवटी लाल असणार, आणि त्याच्या आधीचे दोन दिवस केस दिसणार. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये सासू-सासऱ्यांसह हे लपवायचं म्हणजे रोज सकाळी बाथरूमची कडी लावून रेझर फिरवायचा आणि कोणी दार ठोठावलं की दचकायचं. मी असते तर सांगून टाकलं असतं, तेही फोनवर नाही, स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना, चार वाक्यांत: हे आहे, हा उपचार चालू आहे, एवढा खर्च आहे, तो मी माझ्या पगारातून करते. सासूला सांगायची काही गरज नाही. मावशीला तर आणखी काही सांगूच नकोस.

राहिलं ते पेन. घेऊ नकोस. आपल्याच हनवटीखाली, आरशात उलट बघत, केसाइतक्या छिद्रात सरळ सुई घालणं हे तरबेज हातालाही जमत नाही, आणि छिद्र चुकलं की वीज कातडीला लागते. काही यंत्रांना सुईच नसते, नुसता केस चिमट्यात धरून वीज सोडतात. केसातून वीज मुळापर्यंत जात नाही, त्यामुळे ते महागडं उपटणंच. तेवढे पैसे रक्ताच्या तपासणीला ठेव. पाळी कधीची आहे ते बघून ओरोसला जायचा दिवस ठरव, रिपोर्ट आले की टेस्टोस्टेरॉन आणि सतरा-ओएचचे आकडे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव मला लिहून पाठव. सिटिंगच्या तारखा त्यानंतर लावू.